धंद्याची विचारपूस : जगातली आणि आपल्या शिवारातली



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत, पाचट, खोडवा असल्या विषयांवर लिहितो. या अंकात जरा वेगळा विषय घेत आहोत. त्याला कारण काय घडले ते आधी सांगतो.

येत्या हंगामाआधी निवडक सभासदांच्या घरी जाऊन, ऊसशेतीत त्यांना नेमक्या अडचणी काय येतात याची रीतसर पाहणी करावी, अशी सूचना शेतकी खात्याने संचालक मंडळापुढे ठेवली आहे. सूचना मांडली तेव्हा दोन बाजूंनी दोन शंका आल्या. मंडळातले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "नोंदवही आहे, तोडणीचा तक्ता आहे, वजनकाट्याच्या पावत्या आहेत. सगळं कागदावर असताना परत घरोघर हिंडायचं कशाला?" दुसऱ्या दिवशी गट ऑफिसात बसलेले एक वयस्क सभासद म्हणाले, "साहेब, विचारून तुम्ही काय करणार? आम्ही सांगायचं, तुम्ही लिहायचं, आणि कागद कपाटात जायचा."

दोन्ही शंका खऱ्या आहेत. त्या हसून उडवून लावाव्यात असे आम्हाला वाटत नाही. जगभरातले उद्योगधंदे कसे चालतात, धंदा करणाऱ्याचे पाऊल कुठे अडते, हे शोधणाऱ्या मोठमोठ्या संस्थांनाही गेली चाळीस वर्षे याच दोन प्रश्नांनी घेरले आहे. कागद बघावा की माणसाला विचारावे? आणि विचारले तर त्याचे पुढे काय करावे? त्यांनी या वाटेवर ठेचा खाल्ल्या. त्या ठेचा आपल्याला फुकट शिकायला मिळतात, म्हणून ही हकिगत.

लिमा शहरातले २८९ दिवस

दक्षिण अमेरिकेत पेरू नावाचा देश आहे. लिमा ही त्याची राजधानी. त्या शहराच्या कडेकडेने हजारो लोक विनापरवाना लहानसहान धंदे करून पोट भरत. असे धंदे करणारे लोक कायदा पाळत नाहीत, असे वरच्यांचे म्हणणे. हर्नांदो द सोतो या तिथल्या अर्थतज्ज्ञांनी प्रश्न उलटा टाकला. कायदा पाळायचाच म्हटले तर किती दिवस लागतात, ते तरी पाहू!

१९८३ साली त्यांच्या संस्थेने कपडे शिवण्याचा एक लहान कारखाना काढायचे ठरवले आणि त्याचे सगळे परवाने सरळ मार्गाने मिळवायचे असा नेम केला. एक वकील आणि काही विद्यार्थी कचेऱ्यांचे उंबरे झिजवू लागले. शक्य तोवर लाच द्यायची नाही, असे ठरलेले होते. सगळे कागद हातात पडायला २८९ दिवस लागले. दहा वेळा त्यांच्याकडे लाच मागितली गेली. त्यातल्या दोन वेळा दिल्याशिवाय काम पुढे सरकेना, म्हणून द्यावी लागली. १९८६ साली हा अनुभव पुस्तकात छापून आला आणि जगभर त्याची चर्चा झाली.

आता विचार करा. कोणी लिमामधल्या एकेका कचेरीचे दप्तर तपासले असते, तर त्यात हे २८९ दिवस सापडले असते काय? प्रत्येक टेबलावरचा कागद आपापल्या जागी बरोबरच दिसला असता. दिवस गेले ते दोन टेबलांच्या मधे. ते फक्त हेलपाटे घालणाऱ्यालाच माहीत. मंडळातल्या सदस्यांच्या पहिल्या शंकेला आमचे पहिले उत्तर हेच आहे. कागद खोटा नसतो, पण तो पुरा नसतो.

एक कल्पनेतले गोदाम आणि १९० देश

पुढे हीच कल्पना जागतिक बँकेने मोठ्या प्रमाणावर उचलली. २००३ साली 'डूइंग बिझनेस' नावाचा अहवाल निघू लागला. पहिल्या वर्षी त्यात १३३ देश होते, शेवटी शेवटी १९० झाले.

त्यांची रीत अशी होती. एक कंपनी कल्पायची, तिचे भांडवल, माणसे, मालक सगळे ठरवून टाकायचे. ती देशातल्या मोठ्या व्यापारी शहरात आहे असे धरायचे. मग त्या देशातल्या वकिलांना, हिशेबनीसांना, माल पाठवणाऱ्या दलालांना विचारायचे की अशा कंपनीला नोंदणी करायला किती दिवस लागतील? एक गोदाम बांधायचे तर परवानगीला किती टप्पे आहेत? त्या गोदामाला १४० केव्हीएची वीजजोडणी घ्यायची तर किती दिवस? करार मोडला तर कोर्टातून निकाल किती दिवसांत? सगळ्या देशांत प्रश्न तोच, गोदाम तेच. त्यामुळे तुलना सोपी आणि खर्चही बेताचा. आणि शेवटी पहिला, दुसरा, तिसरा असा नंबर लावायचा.

हा नंबर फार प्रभावी ठरला. शाळेत निकाल लागावा तशी सरकारे त्याची वाट बघू लागली. किती तरी देशांनी जुने निरुपयोगी नियम काढून टाकले, हा त्याचा फायदाच म्हणायचा. आपला देश २०१५ च्या अहवालात १४२ वा होता, तो २०२० च्या अहवालात ६३ वा आला. वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले. आम्हालाही बरे वाटले, खोटे कशाला सांगू. पण त्याच अहवालात भारतातल्या कोर्टात कराराचा दावा निकाली निघायला १,४४५ दिवस धरले होते, म्हणजे जवळजवळ चार वर्षे. ते मथळ्यात आले नाही. आणि दुसरी गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात आली. एवढ्या मोठ्या देशाचा हा नंबर मुंबई आणि दिल्ली या दोनच शहरांवरून काढला होता.

बांधाकडचा ऊस

हे वाचले तेव्हा आम्हाला आमच्या नोकरीचे पहिले वर्ष आठवले. पदविका घेऊन नुकतेच कामाला लागलो होतो. परिपक्वता चाचणीसाठी हातात रिफ्रॅक्टोमीटर दिला आणि गावाला धाडले. उन्हाची वेळ, फडात शिरायचा कंटाळा, पाचटाने अंग कापते. आम्ही बांधाकडचे चार ऊस घेतले, रसाचा थेंब टाकला, ब्रिक्स झकास लागला. तसे लिहून टाकले. प्लॉटला तोडही लवकर मिळाली. ऊस कारखान्यावर आला तेव्हा उतारा निघाला कमी. वरिष्ठांनी बोलावून घेतले आणि एवढेच विचारले, "फडात आत गेला होतात का?" आमची मान खाली गेली.

बांधाकडच्या उसाला ऊन आणि वारा भरपूर. तो जोमदार दिसणारच. मधला ऊस गर्दीत वाढलेला, पाणी साचलेल्या जागेतला, कुठे लोळलेला. प्लॉट खरा कळायचा तर आत शिरून चार ठिकाणचा ऊस घ्यावा लागतो.

या नमुन्याच्या शास्त्रात आपल्या मातीतल्या माणसाचा हात मोठा आहे, हे तरुण सभासदांना कदाचित माहीत नसेल. डॉ. पां. वा. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. देशभरात पीक किती आले हे काढताना शेत डोळ्यांनी निवडायचे नाही, चिठ्ठी टाकल्यासारखे निवडायचे आणि ठरलेल्या मापाचा तुकडा कापून वजन करायचे, ही पीक कापणी प्रयोगाची रीत बसवण्यात १९४० च्या दशकात त्यांनी मोठे काम केले. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक झाले. पानसे आणि सुखात्मे यांचे १९५४ चे पुस्तक शेतीच्या कॉलेजांत पिढ्यान् पिढ्या चालत आले. त्यातली मुख्य शिकवण आम्ही आमच्या भाषेत अशी सांगू : सोईचा नमुना घेतला की सोईचेच उत्तर मिळते.

मालकाच्या दारात जाणे

जागतिक बँकेतच दुसरी एक मंडळी वेगळ्या वाटेने चालली होती. त्यांच्या पाहणीचे नाव 'एंटरप्राइज सर्व्हे'. इथे वकिलाला विचारायचे नाही. कारखानदाराच्या, दुकानदाराच्या दारात जायचे आणि समोर बसून मालकाला किंवा मुख्य व्यवस्थापकालाच विचारायचे. कोणाकडे जायचे ते आपण ठरवायचे नाही. यादीचे गट पाडायचे. पाच ते एकोणीस कामगारांचे लहान, वीस ते नव्व्याण्णवचे मध्यम, शंभर आणि वरचे मोठे. शिवाय धंदा कोणता, भाग कोणता. आणि प्रत्येक गटातून चिठ्ठी टाकल्याप्रमाणे नावे काढायची. दीडशेहून अधिक देशांत असे काम झाले आहे. भारतात २०१४ च्या फेरीत ९,२८१ आणि २०२२ च्या फेरीत ९,३७६ धंद्यांना विचारले गेले.

त्यांच्या प्रश्नांची ठेवण शिकण्यासारखी आहे. "वीज कशी आहे?" एवढेच विचारून ते थांबत नाहीत. गेल्या वर्षी साधारण एका महिन्यात किती वेळा वीज गेली? दर वेळी किती तास? त्यात विक्रीचे नुकसान किती? जोडणीचा अर्ज केल्यापासून किती दिवसांनी जोडणी आली? वरच्या माणसाचा आठवड्यातला किती वेळ सरकारी कामात जातो? मोजता येईल असे विचारायचे. आणि अखेरीस अडचणींची यादी पुढे ठेवायची : वीज, जमीन, कर, कर्ज, वाहतूक, भ्रष्टाचार आणि बाकीच्या. यातली सर्वांत मोठी कोणती, एकच सांगा, असे म्हणायचे. सगळेच दुखते असे म्हणणाऱ्या माणसालाही मग नेमके बोट ठेवावे लागते.

लाचेचा प्रश्न तर फार हुशारीने घातलेला असतो. "तुम्ही लाच दिली का?" असे विचारले तर कोण हो म्हणेल? म्हणून विचारतात, "तुमच्यासारख्या धंद्यांना कामे लवकर व्हावीत म्हणून कधीकधी काही द्यावे लागते असे म्हणतात. साधारण किती जात असेल?" माणूस स्वतःवर न घेता खरे सांगून मोकळा होतो. शिवाय विचारायला येणारे सरकारी नोकर नसतात. खाजगी पाहणी करणाऱ्या संस्थेची माणसे असतात. कोणी काय सांगितले ते नावानिशी बाहेर जात नाही.

नियम एक, व्यवहार दुसरा

आता एका देशाची दोन उत्तरे झाली. एक वकिलांनी सांगितलेले, दुसरे मालकांनी सांगितलेले. ती जुळतात का? मेरी हॉलवर्ड-ड्रीमायर आणि लँट प्रिचेट या दोन अभ्यासकांनी ती शेजारी शेजारी ठेवली. त्यांचा लेख २०१५ साली आला. त्यांना दिसले की दोहोंचा मेळ फार थोडा. कायद्याप्रमाणे जिथे परवान्याला पुष्कळ दिवस लागायला हवेत, तिथे काही कारखान्यांना तो झटपट मिळाला होता, आणि त्याच देशात, त्याच कायद्याखाली, दुसऱ्यांचे महिनेच्या महिने गेले होते. म्हणजे अशा ठिकाणी काम नियमावर चालत नाही, ज्याच्या त्याच्या जुळवाजुळवीवर चालते. सरासरी काढून समाधान मानले तर हा फरक झाकला जातो. आणि जाच असतो तो त्या फरकातच. नियम कडक असेल तर माणूस तशी तयारी करतो, पण शेजाऱ्याला आठ दिवसांत आणि आपल्याला आठ महिन्यांत, असे झाले की त्याचा सगळ्या व्यवस्थेवरचाच विश्वास उडतो.

बंधूंनो, हे वाक्य लिहिताना आमच्या डोळ्यांसमोर पेरू नव्हता, आपला तोडणी प्रोग्राम होता. नियम सर्वांना ठाऊक आहे. लागणीच्या तारखेप्रमाणे आणि जातीप्रमाणे, नोंदीच्या क्रमाने तोड. कोणी आमच्या खात्यात येऊन विचारले तर आम्ही हेच सांगू आणि तक्ताही दाखवू. त्या तक्त्यात आडसालीची तोड अमुक महिन्यांनी, पूर्वहंगामीची तमुक महिन्यांनी, अशी सरासरी छान दिसेल. पण एकाच शिवारात, एकाच आठवड्यात लावलेल्या दोन प्लॉटांपैकी एकाला वेळेवर टोळी मिळते आणि दुसऱ्याच्या उसाला तुरा येऊन तो पोकळ पडू लागतो, तरी चिठ्ठी येत नाही. असे घडते हे तुम्हाला माहीत आहे आणि आम्हालाही माहीत आहे. टोळीला 'खुशाली' किती द्यावी लागली, ट्रॅक्टरवाल्याची 'एंट्री' किती झाली, हे आमच्या कोणत्याच रजिस्टरात नाही. ज्याची ऐपत नाही त्याचा ऊस शेवटी तुटतो. वजन घटते, खोडव्याला उशीर होतो, पुढच्या वर्षीचेही पीक मार खाते.

बिलाचेही तसेच. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत रास्त व किफायतशीर दराचे पैसे द्यायचे, उशीर झाला तर सालीना पंधरा टक्के व्याज. परदेशचा पाहणीवाला वकिलाला विचारील तर उत्तर 'चौदा दिवस' असेच मिळेल. शेतकऱ्याला विचारील तर उत्तर कारखान्यागणिक आणि सालागणिक बदलेल. आपल्या सभासदाला विचारून पाहावे आणि जे येईल ते लिहून ठेवावे, एवढेच आमचे म्हणणे.

आकडा हलवला की पाहणी मेली

'डूइंग बिझनेस'चे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे, कारण ती सगळ्यात मोठी ठेच आहे.

२०२० च्या ऑगस्टमध्ये बँकेने तो अहवाल थांबवला. काही देशांचे आकडे मागाहून बदलल्याचे आढळले होते. २०१८ च्या अहवालात चीन आणि २०२० च्या अहवालात सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि अझरबैजान, अशी ती चार नावे होती. चीनचा नंबर ७८ वा छापला होता. फेरतपासणीत तो ८५ वा हवा होता असे निघाले. बाहेरच्या वकिलांकडून चौकशी झाली. आकडे बदलण्यामागे बँकेतल्या वरिष्ठांचा दबाव होता, असे त्या चौकशीच्या अहवालात म्हटले होते. ज्यांच्यावर ठपका आला त्यांनी तो नाकारला. पण सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेने तो अहवाल कायमचा बंद केला.

बघा, १९० देशांतल्या हजारो लोकांनी वेळ काढून दिलेली उत्तरे होती. त्यातले बहुतेक आकडे प्रामाणिकच असतील. पण चार ठिकाणी हात लागला आणि सगळ्यावरच पाणी पडले. जिथे नंबर लागतो तिथे नंबर वाढवण्याचा मोह येतो. आणि ज्याचा नंबर लागायचा आहे त्याचाच हात लेखणीपर्यंत पोचला, तर पाहणी संपली म्हणून समजावे.

नंतर बँकेने 'बी-रेडी' नावाने नवे काम सुरू केले. पहिला अहवाल ऑक्टोबर २०२४ मध्ये निघाला, त्यात पन्नास देश होते. त्या पन्नासांत भारत नव्हता. आता त्यांनी दोन्ही वाटा एकत्र केल्या आहेत. कायदा काय म्हणतो ते जाणकारांना विचारायचे, आणि घडते काय ते धंदेवाल्यांना विचारायचे. वीस वर्षांनी तिथेच येऊन पोचले म्हणायचे.

आपण त्या यादीत नाही

या पाहण्यांना मर्यादाही आहेत, त्या झाकू नयेत. पहिली अशी की ज्याचा धंदा बुडाला, किंवा ज्याला तो सुरूच करता आला नाही, तो यादीत नसतो. त्यामुळे तगलेल्यांचेच म्हणणे कानावर येते. दुसरी अशी की सवयीने माणूस दुखणे विसरतो. ज्याला रात्रीचीच वीज माहीत, तो म्हणेल, "लाइट ठीक आहे साहेब." ज्याची वीज कधी जातच नाही, तो एकदा गेली तरी बोंब मारील. म्हणून 'ठीक' आणि 'वाईट' यावर विसंबायचे नाही, तास मोजायचे.

तिसरी मर्यादा आपल्याशी थेट लागते. एंटरप्राइज सर्व्हेत कारखाने, दुकाने, सेवा येतात. पाचपेक्षा कमी कामगारांचे आणि नोंदणी नसलेले धंदे त्याच्या मुख्य पाहणीत येत नाहीत, आणि शेती तर येतच नाही. म्हणजे बियाणे विकणारा दुकानदार त्यांच्या हिशेबात येऊ शकतो, पण तीस गुंठे ऊस लावणारा आपला सभासद येत नाही. वास्तविक त्याच्याएवढा पुरा धंदेवाला कोण आहे? भांडवल तो घालतो, कर्ज तो काढतो, वीज, पाणी, मजूर, वाहतूक सगळ्यांशी झगडतो, आणि मालाचा पैसा माल गेल्यावर मिळतो. आपल्या सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीने शेतकरी कुटुंबांची स्थिती २००३, २०१३ आणि २०१९ साली पाहिली, ते चांगलेच झाले. पण आपल्या गटात तोड का रखडते, हे त्यात कसे यावे? ते आपले आपणच विचारायला हवे. आणि सहकारी कारखान्यात विचारणारा आणि सांगणारा एकच असतो, कारण मालक सभासदच आहे.

विचारून काय करणार?

आता त्या वयस्क सभासदांच्या शंकेकडे येतो. त्यांना आमचे उत्तर जर्मनीतून द्यावे लागेल. म्युनिक शहरात 'इफो' नावाची संस्था आहे. १९४९ सालापासून ती जर्मनीतल्या धंदेवाल्यांना दर महिन्याला साधे प्रश्न विचारते. धंदा सध्या चांगला, बेताचा की वाईट? पुढच्या सहा महिन्यांत सुधारेल, तसाच राहील की बिघडेल? आज सुमारे नऊ हजार धंदे दर महिन्याला उत्तर पाठवतात. सक्ती नाही. मग का पाठवतात? कारण दर महिन्याला निकाल जाहीर होतो. आपल्या धंद्यातल्या बाकीच्यांचे काय चालले आहे, ते उत्तर देणाऱ्याला कळते. दिलेले परत मिळते, म्हणून तो पुन्हा देतो.

आबा, तुमचे म्हणणे बरोबर आहे. कागद कपाटात जाणार असेल तर आमच्या माणसाला चहासुद्धा पाजू नका. म्हणून पाहणी करायची तर ती पुढीलप्रमाणेच करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे :

१. नावे चिठ्ठ्या टाकून काढावीत. अर्धा एकरवाला, दोन-अडीच एकरवाला आणि मोठा बागायतदार, तसेच पाटाच्या तोंडाकडचा आणि शेपटाकडचा, असे गट पाडून प्रत्येकातून नावे यावीत. गट ऑफिसात रोज बसणारे तेच ते चार लोक म्हणजे बांधाकडचा ऊस.

२. विचारायला आमच्या खात्याचा माणूस जाऊ नये. ज्या स्लिपबॉयच्या हातात तुमची तोडचिठ्ठी आहे, त्याच्यासमोर तुम्ही खुशालीबद्दल काय बोलणार? बाहेरच्या तालुक्यातल्या कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी आणावेत. कागदावर सभासदाचे नाव नसावे.

३. प्रश्न मोजता येतील असे असावेत. लागणीपासून तोडीपर्यंत किती दिवस, चिठ्ठी आल्यावर टोळी किती दिवसांनी, भरलेले वाहन काट्यावर किती तास उभे, बिल किती दिवसांनी, दिवसा वीज किती तास. आणि खुशालीचा प्रश्न 'तुमच्या शिवारात साधारण काय चालते' असा घालावा.

४. ज्यांनी ऊस लावणे सोडले, किंवा आपला ऊस गुऱ्हाळाला अथवा दुसरीकडे घातला, त्यांच्याकडेही जावे. ते का गेले हे त्यांच्याइतके नीट कोणी सांगणार नाही.

५. आलेले आकडे सरासरीसकट आणि फरकासकट, एकही न गाळता, वार्षिक सभेआधी याच वार्तापत्रात छापावेत. गटागटांचा नंबर मात्र लावू नये. नंबर लावला की गट अधिकारी आकडे सजवायच्या मागे लागतील, आणि चीनच्या नंबराचे झाले तेच आपल्याकडे होईल.

या पाहणीत सर्वांत जास्त बोट आमच्याच खात्यावर येईल, हे आम्हाला कळते. काही सहकाऱ्यांनी तसे बोलूनही दाखवले, "आपणच आपल्या पायावर धोंडा का पाडून घ्यायचा?" आमचे म्हणणे असे की धोंडा आधीच पडलेला आहे. तो सभासदाच्या पायावर पडला आहे, म्हणून आपल्याला दुखत नाही एवढेच. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही बांधावरून चार ऊस घेऊन परत फिरलो होतो. आता तरी फडात शिरावे.

मंडळाला आमची विनंती आहे की निकाल कसाही येवो, तो छापण्याचा ठराव पाहणीच्या आधीच करावा. आकडे हातात आल्यावर ठराव करायला बसलो तर मोह होतो.

आणि सभासदांना एक प्रेमाची सूचना. खरे सांगा. कर्ज जास्त बसावे म्हणून क्षेत्र वाढवून सांगणे, दोन कारखान्यांना एकच ऊस नोंदवून ठेवणे, या गोष्टी आपल्यात चालतात. त्यामुळे तोडणीचा अंदाज चुकतो, टोळ्या कमी पडतात, आणि शेवटी उशीर आपल्याच वाट्याला येतो. कारखान्याने खरे छापावे असे वाटत असेल तर आपणही खरे सांगितले पाहिजे. विचारल्याशिवाय कळत नाही हे जितके खरे, तितकेच खरे सांगितल्याशिवाय विचारून उपयोग नाही हेही.

सूचना मंडळाच्या पुढच्या बैठकीत पुन्हा येणार आहे. आपले मत अनुकूल असो वा प्रतिकूल, गट ऑफिसात लेखी द्यावे. सही करायची नसेल तर नुसती चिठ्ठी पेटीत टाकली तरी चालेल. आम्ही वाचू.

आपला,
ऊस विकास अधिकारी